एकच कोर्स, आठ सेक्शन: अमेरिकेत पहिल्या सेमिस्टरला शिकवणारा कसा निवडावा

अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी साधारण जून-जुलैत रजिस्ट्रेशनचं पोर्टल उघडतं. ‘कॅल्क्युलस १’ शोधलं की एकाच कोर्सच्या आठ-दहा ओळी समोर येतात. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक सेक्शन, आपल्या भाषेत तुकडी. वार वेगळे, वेळा वेगळ्या, शिकवणाऱ्यांची नावं वेगळी. आपल्याकडे बारावीपर्यंत तुकडी कॉलेज देतं, इंजिनिअरिंगला डिव्हिजन कॉलेज देतं, आणि शिकवायला कोण येणार हे वेळापत्रक लागल्यावर कळतं. त्यामुळे ही निवड आपण करायची आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही आणि वेळ सोयीची दिसली म्हणून पहिली ओळ घेतली जाते.

आपल्या संलग्न कॉलेजांत शिकवणारे एक, विद्यापीठाचा पेपर काढणारे दुसरे आणि तपासणारे तिसरे असतात. वर्गात काही कळलं नाही तरी गाईड, क्लास आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर यांवर निभावून नेता येतं. अमेरिकेत बहुतेक कोर्समध्ये जो शिकवतो तोच पेपर काढतो, गृहपाठाला किती गुण आणि परीक्षेला किती हेही तोच ठरवतो, आणि पेपर तो स्वतः किंवा त्याच्या हाताखालचे टीचिंग असिस्टंट तपासतात. कोर्सचा क्रमांक एकच असला तरी दोन सेक्शन म्हणजे प्रत्यक्षात दोन निराळे कोर्स असू शकतात.

आधी हे गोळा करा

एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये पुढच्या गोष्टी मांडून घ्या. सगळं मिळून दोन संध्याकाळींचं काम आहे.

– तुमच्या मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, चार वर्षांचा आराखडा. विभागाच्या वेबसाइटवर तो ‘डिग्री मॅप’ किंवा ‘प्लॅन ऑफ स्टडी’ या नावाने असतो.
– प्लेसमेंट टेस्टचा निकाल. कोणत्या पातळीच्या कोर्सपासून सुरुवात करायची ते या चाचणीवरून ठरतं. गणितासाठी अनेक ठिकाणी ‘अलेक्स’ ही ऑनलाइन चाचणी असते.
– त्या सेमिस्टरचं वर्गांचं वेळापत्रक, प्रत्येक सेक्शनच्या कोर्स रेफरन्स नंबरसह. याला सगळे सीआरएन म्हणतात.
– शक्य तितक्या शिक्षकांचे जुने सिलॅबस.
– ग्रेड-वाटपाचे आकडे, विद्यापीठ ते उघड करत असेल तर.
– विद्यापीठाचं शैक्षणिक कॅलेंडर. त्यातल्या दोन तारखा लाल शाईने लिहा: ॲड-ड्रॉपचा, म्हणजे सेक्शन मोकळेपणी घेण्या-सोडण्याचा, शेवटचा दिवस आणि ‘डब्ल्यू’ शेरा घेऊन कोर्स सोडण्याचा शेवटचा दिवस.
– एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर इंटरनॅशनल ऑफिसातल्या तुमच्या डीएसओचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा, ईमेल.

१. हा कोर्स तुम्हाला कशासाठी हवा आहे ते ठरवा

चांगला शिक्षक कोण, याचं उत्तर कोर्स कशासाठी घेताय यावर अवलंबून आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलस १ नंतर कॅल्क्युलस २, मग बहुचल कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि या सगळ्यांवर उभी असलेली फिजिक्स करायची असते. त्याच्यासाठी हा पाया आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला गणिताची एक अट पूर्ण करायची असेल, तर त्याच्या पुढे या कोर्सवर काहीच उभं नाही. दोघांनी एकच शिक्षक निवडावा असं नाही.

पायाच्या कोर्ससाठी एक संशोधन माहीत असायलाच हवं. कोलोरॅडोतल्या अमेरिकी हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांना शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमून दिले जातात आणि सगळ्या सेक्शनना एकच सिलॅबस, एकच परीक्षा असते. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी तिथल्या नोंदी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. कमी अनुभवी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलस १ मध्ये जास्त गुण मिळाले आणि त्यांनी शिक्षकांना चांगले शेरेही दिले, पण पुढच्या कोर्समध्ये तेच विद्यार्थी मागे पडले. अनुभवी शिक्षकांकडे उलट घडलं: चालू कोर्समध्ये गुण थोडे कमी, पुढे मात्र पकड चांगली.

तेव्हा पायाच्या कोर्ससाठी प्रश्न ‘कोण जास्त मार्क देतो’ हा धरू नका. ‘कोणाकडून शिकलो तर पुढचा कोर्स झेपेल’ हा धरा. पुढचे सगळे टप्पे या एका प्रश्नाच्या उजेडात वाचायचे आहेत.

२. निवडीला वाव किती आहे ते तपासा

काही विभाग पहिल्या वर्षाचे मोठे कोर्स ‘कोऑर्डिनेटेड’ ठेवतात. सर्व सेक्शनना एकच पुस्तक, एकच वेळापत्रक, एकाच संध्याकाळी एकच परीक्षा. मिशिगन विद्यापीठाचा मॅथ ११५ हा याचा ठळक नमुना: वर्ग लहान, शिकवणारे अनेक, परीक्षा सगळ्यांना सारखी. अशा ठिकाणी ‘सोपा पेपर काढणारा’ असा कोणी नसतोच. फरक उरतो तो फक्त समजावून सांगण्याचा आणि वेळेचा, म्हणून पुढच्या टप्प्यांवर तासन्‌तास घालवू नका. कोर्सच्या पानावर ‘कॉमन एक्झॅम’, ‘युनिफॉर्म एक्झॅम’ किंवा ‘कोर्स कोऑर्डिनेटर’ असे शब्द दिसले की हा प्रकार समजावा.

दुसरा प्रकार म्हणजे मोठं लेक्चर: दोनशे-तीनशे विद्यार्थी, आठवड्याला दोन किंवा तीन तास, आणि त्याला जोडलेला वीस-तीस जणांचा ‘डिस्कशन’ किंवा ‘रेसिटेशन’ वर्ग, जो टीचिंग असिस्टंट (टीए) घेतो. उदाहरणं सोडवणं, शंका, क्विझ हे सगळं तिथे होतं. टीएचं नाव बहुधा आधी कळत नाही, म्हणून लेक्चर शिक्षकावरून निवडा आणि डिस्कशन वेळेवरून. डिस्कशन लेक्चरनंतर एक-दोन दिवसांनी आलं तर उत्तम. त्याच दिवशी आधी आलं, तर शंका घेऊन जाण्यासारखं हातात काही नसतं.

तिसरा प्रकार पूर्ण स्वतंत्र सेक्शनांचा. पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा कोर्स बहुतेक असाच असतो. वीसेक विद्यार्थी, वाचनाचा विषय सेक्शनगणिक वेगळा, आणि निबंध तपासणारी व्यक्ती एकच. इथे शिक्षकाच्या निवडीने सर्वांत जास्त फरक पडतो आणि आपली मुलं इथेच सर्वांत कमी विचार करतात, कारण सगळं लक्ष गणित आणि प्रोग्रॅमिंगकडे असतं. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनी लेखनाच्या कोर्ससाठी असा सेक्शन शोधावा जिथे निबंधाचा पहिला खर्डा दाखवून शेरे घेता येतात, तो सुधारून पुन्हा देता येतो आणि ग्रेड सुधारलेल्या निबंधाला मिळते.

३. वेळापत्रकाची ओळ नीट वाचा

‘एमडब्ल्यूएफ’ म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. बहुधा पन्नास मिनिटांचे वर्ग. ‘टीआर’ म्हणजे मंगळवार आणि गुरुवार, पंचाहत्तर मिनिटांचे. गुरुवारसाठी ‘आर’ वापरतात, कारण ‘टी’ मंगळवारने घेतलेला असतो. हे ठाऊक नसल्याने भलत्याच दिवसाचा वर्ग घेतला जातो. कॅल्क्युलससारख्या विषयाला आठवड्यात तीन छोटे तास मला जास्त पसंत आहेत, कारण दोन तासांच्या मध्ये सराव करायला एक दिवस मिळतो आणि एक तास बुडाला तर कमी बुडतं.

नावाच्या जागी ‘स्टाफ’ किंवा ‘टीबीए’ असेल तर शिक्षक अजून ठरलेला नाही. ‘स्टाफ’ हे कोणाचं आडनाव नव्हे. असा सेक्शन वाईटच असतो असं नाही, पण तुम्ही काही न पाहता निवडत आहात एवढं लक्षात ठेवा आणि ऑगस्टच्या मध्यात पुन्हा पाहा. नावं तेव्हा भरली जातात.

‘ऑनलाइन असिंक्रोनस’ (ऑनलाइन, ठरलेल्या तासाशिवाय), ‘हायब्रिड’ (काही ऑनलाइन, काही वर्गात), ‘इन पर्सन’ (वर्गात) हे शब्द व्हिसासाठी महत्त्वाचे आहेत. एफ-१ वर असलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यांत पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, फार तर ३ क्रेडिटचा, धरला जातो. आवडता शिक्षक फक्त ऑनलाइन सेक्शन घेत असेल, तर आधी हा हिशेब करा.

४. सिलॅबस: सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या

अमेरिकेतला सिलॅबस म्हणजे आपल्यासारखी केवळ प्रकरणांची यादी नव्हे. तो शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला करारच असतो: कशाला किती टक्के, उशिरा दिलं तर काय, गैरहजेरीचं काय, परीक्षा कधी, भेटायचं कधी. कुणाच्या मतापेक्षा या चार-पाच पानांवरून शिक्षक जास्त कळतो.

मिळवायचा कसा? शिक्षकाचं नाव, कोर्सचा क्रमांक आणि ‘सिलॅबस’ असा शोध घ्या. अनेक विभागांचं सिलॅबसांचं संग्रहपान असतं. टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठांना तर २००९ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने पदवी कोर्सचे सिलॅबस आणि शिक्षकाची शैक्षणिक माहिती वेबसाइटवर सहज सापडेल अशी ठेवायला सांगितलं. नाहीच सापडला तर विभागाच्या कार्यालयाला किंवा शिक्षकाला ईमेल करून मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस मागा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही, तिथे ही रोजची गोष्ट आहे.

हाती आल्यावर आधी गुणांची विभागणी पाहा. दोन सेक्शन घेऊ.

पहिला: गृहपाठ १०%, क्विझ १०%, दोन मिडटर्म प्रत्येकी २५%, फायनल ३०%.
दुसरा: गृहपाठ २०%, क्विझ १५%, तीन मिडटर्म प्रत्येकी १५%, फायनल २०%.

समजा एका विद्यार्थ्याला गृहपाठात ९५, क्विझमध्ये ८० आणि फायनलला ७५ मिळाले. नवा देश, नवी पद्धत, म्हणून पहिली मिडटर्म घसरून ५० वर आली आणि नंतरच्या मिडटर्ममध्ये ८० मिळाले. पहिल्या सेक्शनमध्ये त्याची बेरीज होते ९.५ + ८ + १२.५ + २० + २२.५ = ७२.५. दुसऱ्यात १९ + १२ + ७.५ + १२ + १२ + १५ = ७७.५. नेहमी दिसणारी पट्टी ७३ ला ‘सी’ आणि ७७ ला ‘सी प्लस’ अशी असते. म्हणजे त्याच विद्यार्थ्याला तेवढ्याच अभ्यासावर एकीकडे ‘सी मायनस’, दुसरीकडे ‘सी प्लस’. आणि कॅल्क्युलस २ ची अट बहुतेक ठिकाणी ‘किमान सी’ अशी असल्याने पहिल्या सेक्शनमध्ये त्याला कोर्स पुन्हा करावा लागू शकतो.

हा गणिताचा खेळ नाही. नव्याने येणाऱ्याची पहिली परीक्षा घसरण्याची शक्यता खरोखर जास्त असते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला जास्त आणि लहान परीक्षा असलेला सेक्शन घ्या. पहिली परीक्षा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असेल तर आणखी बरं, कारण कोर्स सोडण्याची तारीख जाण्याआधी तुम्ही कुठे आहात ते कळतं. पहिली परीक्षा थेट आठव्या आठवड्यात असलेला सेक्शन नवख्याने टाळावा.

मग या गोष्टी पाहा.

सर्वांत कमी गुणांची एक-दोन क्विझ सोडून देतात का? फायनलचे गुण जास्त असतील तर ते एखाद्या खराब मिडटर्मच्या जागी धरतात का? असे नियम लिहिणारा शिक्षक विद्यार्थ्याला सावरायला जागा ठेवतो.

ग्रेड ठरलेल्या पट्टीवर आहे की ‘कर्व्ह’वर? कर्व्ह म्हणजे वर्गाच्या एकूण कामगिरीवरून ग्रेड ठरते. पेपर अवघड काढून सरासरी ५५ आली तरी त्या ५५ ला ‘बी मायनस’ मिळू शकतो. आपल्याला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हे गणित अंगवळणी पडलेलं असतं. ते इथे लागू नाही. पट्टीच्या वर्गात ६० म्हणजे नापासाच्या काठावर, आणि कर्व्हच्या वर्गात ६० उत्तमही असू शकतात. सिलॅबसात दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या.

ऑफिस आवर्स, म्हणजे शिक्षकाला शंका घेऊन भेटण्याच्या वेळा, किती आणि कधी? तुमच्या दुसऱ्या कोर्सच्या लॅबच्या वेळेलाच असतील तर ते तुमच्यासाठी नाहीत. शिकवणी किंवा क्लासची सवय असलेल्या विद्यार्थ्याला तिथे बाहेरचा आधार अचानक तुटतो. ऑफिस आवर्स हाच त्याला पर्याय आहे आणि तो फीमध्येच आलेला असतो. आठवड्याला तीन तास, वेगवेगळ्या दिवशी, असं लिहिलेलं दिसलं तर त्या सेक्शनला माझ्या मते मोठं वजन द्यावं.

पुस्तक आणि ॲक्सेस कोड. वेबअसाइन, मायलॅब यांसारख्या गृहपाठाच्या संकेतस्थळांना पैसे मोजून कोड घ्यावा लागतो, आणि तो वापरलेला विकत मिळत नाही. काही शिक्षक ओपनस्टॅक्सची मोफत पुस्तकं वापरतात. राइस विद्यापीठाच्या या उपक्रमाचं कॅल्क्युलसचं पुस्तक तीन खंडांत आहे. दोन सेक्शन बाकी सारखेच वाटले तर ही बाब निर्णायक ठरू द्या. काही ठिकाणी पुस्तकाचे पैसे थेट फीच्या बिलात लागतात आणि नको असेल तर ठराविक तारखेआधी नकार कळवावा लागतो.

वर्गात काय घडतं? ‘ग्रुप वर्क’, ‘क्लिकर’ (वर्गात बटण दाबून उत्तर द्यायचं उपकरण), ‘वर्कशीट’ असे शब्द असतील तर शिक्षक फळ्यावर लिहीत राहणार नाही, तुमच्याकडून वर्गातच सोडवून घेईल. आपल्याला सलग व्याख्यानाची आणि वही भरण्याची सवय असते, म्हणून असा वर्ग सुरुवातीला ‘शिकवतच नाहीत’ असा वाटतो. पुरावा उलट आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र पाहिले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८. हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात असंही दिसलं की अशा वर्गात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. पहिल्या दोन आठवड्यांतली अस्वस्थता हे सेक्शन बदलण्याचं कारण समजू नका.

५. ग्रेड-वाटपाचे आकडे

काही विद्यापीठांचे, विशेषतः सरकारी विद्यापीठांचे, कोणत्या शिक्षकाच्या वर्गात किती ‘ए’, किती ‘बी’, किती नापास हे आकडे खुले असतात आणि विद्यार्थ्यांनी त्यांवर संकेतस्थळं बांधली आहेत: विस्कॉन्सिन-मॅडिसनसाठी मॅडग्रेड्स, मेरीलँडसाठी प्लॅनेटटर्प, बर्कलीसाठी बर्कलीटाइम.

इथे ‘ए’ किती आहेत ते शेवटी पाहा. आधी ‘डी’, ‘एफ’ आणि ‘डब्ल्यू’ यांची बेरीज करा. डब्ल्यू म्हणजे मध्येच सोडून गेलेले. ज्या वर्गात ‘ए’ भरपूर आणि डब्ल्यूही भरपूर, तिथे कच्चे विद्यार्थी आधीच बाहेर पडले आणि उरलेल्यांचे आकडे छान दिसतात. एकाच सेमिस्टरवरून ठरवू नका, निदान तीन पाहा. उन्हाळी वर्ग आणि ऑनर्स सेक्शन यांची नेहमीच्या सेक्शनशी तुलना करू नका. तिथे येणारे विद्यार्थीच वेगळे असतात. कोऑर्डिनेटेड कोर्समध्ये या आकड्यांना जास्त अर्थ आहे, कारण परीक्षा सगळ्यांना सारखी असते.

६. विद्यार्थ्यांचे शेरे कसे वाचावेत

रेट माय प्रोफेसर्स हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे आणि निवड करताना बहुतेक जण सर्वांत आधी तिथेच जातात. ते वापरा, पण शेवटी वापरा. तिथे पाचपैकी दर्जा, पाचपैकी काठिण्य आणि ‘पुन्हा घ्याल का’ याची टक्केवारी असते.

आकड्याआधी शेरे किती आहेत ते मोजा. पाच जणांनी ४.५ दिले आणि एका रागावलेल्याने १ दिला तर सरासरी ३.९ होते. सहा शेऱ्यांवरचे ३.९ आणि साठ शेऱ्यांवरचे ३.९ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्याच कोर्सचे शेरे गाळून घ्या, कारण वरच्या वर्षांना सुरेख शिकवणारे कधी कधी पहिल्या वर्षाला भराभर पुढे जातात. गेल्या दोन-तीन वर्षांच्या पलीकडचं बाजूला ठेवा. पाच आणि एक देणारे भरभरून लिहितात. तीन-चार देणाऱ्यांचं वाचा, तिथे तपशील असतो.

तक्रारीतून बऱ्याचदा उपयोगी माहिती मिळते. ‘गृहपाठ फार देतात’, ‘हजेरी घेतात’, ‘पायऱ्या दाखवल्या नाहीत तर मार्क कापतात’ या तक्रारी पायाच्या कोर्ससाठी तुमच्या फायद्याच्या आहेत. ‘वर्गात सांगितलं एक, परीक्षेत आलं भलतंच’, ‘ईमेलला उत्तर देत नाहीत’, ‘सेमिस्टर संपत आलं तरी पहिल्या परीक्षेचे मार्क आले नाहीत’ या मात्र तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या असतील तर त्या सेक्शनपासून दूर राहा.

उच्चारांबद्दलच्या शेऱ्यांना फारसं महत्त्व देऊ नका. भारतीय किंवा चिनी शिक्षकाचं इंग्रजी तिथल्या मुलांना अवघड वाटलं म्हणजे तुम्हालाही वाटेल असं नाही. तुम्हाला कदाचित टेक्ससच्या शिक्षकाचं भराभर बोलणं जास्त जड जाईल. शक्य असेल तर शिक्षकाचं एखादं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान दहा मिनिटं ऐका. स्त्री शिक्षकांबाबत हे आकडे तिरके पडतात हेही ध्यानात ठेवा: नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या एका ऑनलाइन कोर्सवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शिकवणारी व्यक्ती तीच असूनही, विद्यार्थ्यांना ती स्त्री आहे असं सांगितलेल्या गटांनी कमी गुण दिले.

७. पदावरून फार अंदाज बांधू नका

प्रोफेसर, असोसिएट, असिस्टंट ही संशोधनाच्या वाटेवरची पदं आहेत. लेक्चरर किंवा टीचिंग प्रोफेसर यांचं मुख्य काम शिकवणं हे असतं. ॲडजंक्ट कोर्सपुरते नेमलेले असतात आणि अनेकदा दोन-तीन कॉलेजांत शिकवतात, त्यामुळे वर्गानंतर भेटणं अवघड जाऊ शकतं. आपल्याकडे ‘विभागप्रमुखांचा वर्ग मिळाला’ याचं अप्रूप असतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या सत्राचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टेन्युअरच्या, म्हणजे कायम नेमणुकीच्या, वाटेवर नसलेल्या शिक्षकांकडून प्राथमिक कोर्समध्ये मुलं जास्त शिकल्याचं दिसलं. लेक्चरर दिसला म्हणून ओळ वगळू नका.

८. कोणाला विचारायचं आणि कसं

इथे मराठी मुलांची एक ठरलेली चूक होते. भारतीय विद्यार्थ्यांच्या किंवा महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला जातो आणि मनापासून उत्तर देणारे दादा-ताई बहुधा एमएस करत असतात. त्यांनी पहिल्या वर्षाचा कोर्स तिथे केलेलाच नसतो. घर, विमान, बँक याबाबत त्यांचा सल्ला सोन्यासारखा; या प्रश्नाला ते योग्य नाहीत. अपवाद एकच, त्यांच्यापैकी कोणी त्याच कोर्सचा टीए असेल तर. मग त्याला विचारा की पेपर कोण काढतं आणि तपासताना कशाला मार्क कापायला सांगतात.

खरी माहिती असते ती त्याच मेजरच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलं की ‘छान आहेत’ एवढंच येतं. नेमकं विचारा: परीक्षेतले प्रश्न गृहपाठासारखे होते का? जुन्या परीक्षा सरावाला देतात का? आठवड्याला किती तास जायचे? पुढच्या कोर्सला काय कमी पडलं?

ॲकॅडमिक ॲडव्हायजर शिक्षकांची तुलना करायला बहुधा नकार देतात. पण ‘मी भारतातून बारावी करून येतोय, डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन झालंय, पण इंग्रजीत सिद्धता लिहायची सवय नाही, माझ्यासाठी कोणता सेक्शन ठीक?’ असं विचारलं तर ते वाट दाखवतात.

शिक्षकाला ईमेल करताना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहू नका. ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव, एवढं पुरे. आडनावच लिहा, पहिलं नाव नव्हे. चार ओळींत तुमची ओळख, कोर्स आणि सेक्शन क्रमांक, एक किंवा दोन प्रश्न. विभागाच्या संकेतस्थळावर आधीच लिहिलेलं विचारू नका.

९. रजिस्ट्रेशनच्या दिवशी

तुमचा टाइम स्लॉट कॅम्पसच्या घड्याळाप्रमाणे असतो. जून-जुलैत तिथे उन्हाळी वेळ चालू असते, तेव्हा न्यूयॉर्क-बोस्टनकडे सकाळी ७ म्हणजे आपल्याकडे दुपारी ४:३०, शिकागो-डॅलसकडे सकाळी ७ म्हणजे संध्याकाळी ५:३०, आणि कॅलिफोर्नियात सकाळी ८ म्हणजे रात्री ८:३०. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलत नाही, तिथला हिशेब वेगळा करा.

आदल्या आठवड्यात पोर्टलवर ‘होल्ड’ आहे का पाहा. लसीकरणाची नोंद, विशेषतः एमएमआरचे दोन डोस, डिपॉझिट किंवा ओरिएंटेशन यांपैकी एक राहिलं तरी पोर्टल सेक्शन घेऊ देत नाही. डॉक्टरांकडून कागद आणून अपलोड करायला दिवस लागतात, आणि तेवढ्यात चांगले सेक्शन भरतात.

तीन सेक्शन पसंतीच्या क्रमाने, सीआरएनसह, कार्टमध्ये ठेवा. पहिला भरला असेल तर दुसरा घ्या आणि पहिल्याच्या वेटलिस्टवर नाव लावा. दुसरा सोडून वेटलिस्टच्या भरवशावर बसू नका. बदलताना ‘ड्रॉप’ करून मग ‘ॲड’ करायचं नाही. ‘स्वॅप’ची सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे नवी जागा मिळाल्याशिवाय जुनी जात नाही.

१०. पहिला आठवडा आणि क्रेडिटचा हिशेब

वर्ग सुरू झाल्यावर ॲड-ड्रॉपची मुदत असते, अनेक ठिकाणी आठवडाभराची. या काळात सेक्शन बदलला तर ट्रान्सक्रिप्टवर काही उमटत नाही. मोठ्या लेक्चरमध्ये दुसऱ्या सेक्शनच्या तासाला एकदा जाऊन बसा. लहान वर्ग असेल तर आधी विचारा. चालू सेमिस्टरचा सिलॅबस जुन्याशी ताडून पाहा, कारण गुणांची विभागणी बदललेली असू शकते.

आता सर्वांत महागडी चूक. समजा तुम्ही १५ क्रेडिट घेतले आणि त्यांत कॅल्क्युलस ४ क्रेडिटचा आहे. मुदत संपल्यावर तो सोडला की उरतात ११, आणि एफ-१ ची किमान मर्यादा १२ आहे. डीएसओची आधी परवानगी न घेता त्याखाली गेलात तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. म्हणून पहिल्या सेमिस्टरला १६ क्रेडिटची आखणी करा, म्हणजे ४ क्रेडिटचा कोर्स सोडावा लागला तरी १२ शिल्लक राहतात.

१२ च्या खाली जाणं अटळच झालं तर कोर्स सोडण्याआधी डीएसओला भेटा. अमेरिकी अध्यापनपद्धतीची अनोळख, इंग्रजीची सुरुवातीची अडचण किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स मिळणं, या कारणांसाठी कमी क्रेडिटची परवानगी देण्याची तरतूद नियमांतच आहे. पदवीच्या एका पातळीवर ती एकदाच मिळते, किमान ६ क्रेडिट ठेवावे लागतात आणि पुढच्या सेमिस्टरला पुन्हा पूर्ण भार घ्यावा लागतो. क्रम मात्र उलटू देऊ नका: आधी परवानगी सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत) नोंदली गेल्याची खात्री, मग पोर्टलवर ड्रॉप.